पुडी, पेज आणि खोका

बाळाला जुलाब लागले की दूध बंद, पाणी बंद, पोटाला आराम. कळव्यापासून कल्याणपर्यंतच्या चाळींतून ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. टाळू खोल गेली, डोळे आत ओढले गेले की मग धावपळ आणि सलाइन.

१९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइनच संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांतून वाटायला लावलं. पटकीने दगावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. मर्म सोपं होतं: जुलाब चालू असतानाही आतडं ग्लुकोजच्या जोडीने मीठ शोषून घेतं आणि मिठामागोमाग पाणी शिरतं.

तीच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, पुढे पुडीच्या रूपात आशाताईंच्या पिशवीतून दारोदार आली. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यातलं मीठ आणि ग्लुकोज कमी केलं. आता लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम.

पण घोटाळा होतो तो पेल्यात. अख्खी पुडी लिटरभर पाण्यात कालवायची, तर घरात ‘बाळ एवढं कुठलं पिणार’ म्हणून चिमूटभर पूड पेलाभर पाण्यात पडते. मग मीठ कधी जास्त, कधी नुसतं नावाला. उरलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यावं, तेही जिवावर येतं. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. सहा महिन्यांखाली अंगावरचं दूध चालूच. त्याहून मोठ्याला मीठ घातलेली भाताची पेज किंवा ताक. पेजेपुरतं आजीचं बरोबरच होतं म्हणायचं!

खरी दिशाभूल केली औषधाच्या दुकानातल्या गोड खोक्यांनी. नावात ‘ओआरएस’, आत साखरेचं सरबत. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढते, जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठ वर्षं लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली.

जलसंजीवनीसोबत द्यायच्या झिंकच्या गोळ्यांची गोष्ट मात्र अजून अर्धवटच आहे. त्या १४ दिवस द्यायच्या असतात, पण जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले की उरलेली पट्टी फळीवर जाते.