मर रोगाचे भूमिगत ठाणे

बीड जिल्ह्याच्या महसुली दप्तरात पिकाच्या नुकसानीला रकाने ठरलेले आहेत. पाऊस किती मिलिमीटर झाला, पैसेवारी पन्नासच्या आत आली की बाहेर राहिली, याची नोंद तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत यथासांग होते. परंतु फुलोऱ्यात आलेली, शेंगा धरू पाहणारी तूर एकाएकी माना टाकते, शेजारचे झाड हिरवेगार असताना एखादेच उभ्याउभ्या वाळते, त्याच्या बुंध्यापासून वर जांभळट पट्टा चढलेला असतो आणि खोड उभे चिरले असता सालीखाली काळपट रेघा आढळतात, तेव्हा या मरणाचे खातेही बहुधा दुष्काळाच्याच नावे चढविले जाते. दुष्काळ निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र येथे तो एकटा गुन्हेगार नसून दुसऱ्या एका गुन्हेगाराशी त्याची हातमिळवणी झालेली असते, ही गोष्ट त्या रकान्यांत मावत नाही.

तो दुसरा गुन्हेगार म्हणजे फ्युजेरियम उडम नावाची बुरशी. इंग्रजी अमदानीत बिहारमधील पुसा येथे कवकशास्त्रज्ञ म्हणून असलेल्या एडविन जॉन बटलर यांनी तुरीच्या मर रोगाचा मागोवा घेऊन १९१० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. ती मुळावाटे झाडात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकाच कोंडते. म्हणजे जमिनीत ओल असली तरी झाड तहानेनेच मरते. हे सारे जुने ज्ञान झाले. खरा प्रश्न पुढचा आहे: तूर काढून झाल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत बालाघाटच्या माथ्यावरची हलकी जमीन आणि गोदाकाठची काळी माती भाजून निघत असताना, ही बुरशी जगते कशी? शेतात राहिलेल्या धसकटांत ती तीनेक वर्षे तग धरते. हरभऱ्याच्या मर रोगाची तिची बहीण तर हरभरा न घेताही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते. जाड कवचाचे बीजाणू हे याचे पाठ्यपुस्तकातले उत्तर आहे आणि ते खरेही आहे. पण अलीकडच्या संशोधनाने त्यास एक पुरवणी जोडली आहे.

ती पुरवणी म्हणजे जैवपटल, अर्थात बायोफिल्म. सूक्ष्मजीव सुटेसुटे न राहता एखाद्या पृष्ठभागास चिकटून, स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात गुरफटून सामूहिक वस्ती करतात, हे जिवाणूंच्या बाबतीत गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच मान्य झाले होते. तंतुमय बुरशींना मात्र या बिरादरीत घ्यावे की नाही, याविषयी शास्त्रज्ञ बराच काळ साशंक होते. २००९ मध्ये मायकेल हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीजाणू चिकटण्यापासून नवे बीजाणू विखुरण्यापर्यंतच्या पायऱ्या मांडून या बुरशींची बाजू लावून धरली. या वस्तीची रचना आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीसारखी असते: तंतूंचे विणलेले जाळे ही काठ्यांची ताटी, आणि शर्करा, प्रथिने, मेदद्रव्ये व पेशींबाहेर सांडलेला डीएनए यांचे मिश्रण हा वरचा लेप. या लेपात ओलावा धरून ठेवला जातो, बाहेरची विषारी द्रव्ये आतल्या पेशींपर्यंत मंदगतीने व क्षीण होऊन पोचतात, आणि खोलवरच्या पेशी आपला जीवनव्यापार आवरता घेऊन स्वस्थ पडून राहतात; ज्या पेशीची वाढच जवळजवळ थांबलेली आहे, तिच्यावर वाढ रोखणारे औषध काय चालणार?

काकडीच्या मर रोगाची फ्युजेरियम घेऊन चीनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमके हेच तपासले होते. उष्णता, थंडी, अतिनील किरण आणि बुरशीनाशके या चारही संकटांत जैवपटलातली बुरशी सुट्या पेशींपेक्षा अधिक चिवट ठरली. पुढे दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठात मक्यावरच्या व पाइन वृक्षावरच्या फ्युजेरियमच्या जातींतही अशी पटले दिसून आली. हे प्रयोग प्रयोगशाळेतल्या पात्रांतले आहेत, तुरीच्या वावरातले नव्हेत, ही मर्यादा विसरून चालणार नाही. तरीही मर लागल्यावर कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या औषधाची आळवणी करूनही झाड हाती लागत नाही, या सार्वत्रिक तक्रारीत दरवेळी दुकानदाराचीच लबाडी शोधण्याचे कारण नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

सबब बंदोबस्त करावयाचा तो झाड वाळण्यापूर्वी, आणि तोही मुख्यतः औषधाबाहेरचा. ज्वारीच्या पिकात तुरीचे तास घालण्याची जुनी वहिवाट मराठवाड्यात होती; अशा मिश्र पिकात मर रोगाचे प्रमाण घटते, असे हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांत दिसून आले आहे. खरीप ज्वारीची जागा सोयाबीन व कापसाने घेतली, तेव्हा कडब्याबरोबर हे संरक्षणही गेले. त्याची काहीशी भरपाई परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर येथील केंद्राने केली. बीएसएमआर ७३६ आणि लवकर येणारी बीडीएन ७११ हे मर रोगास दाद न देणारे वाण तेथलेच. तथापि एकाच वावरात वर्षानुवर्षे तूरच घेत राहिल्यास कोणत्याही वाणावर कायमची भिस्त ठेवता येत नाही.

शेणखतात मिसळून द्यावयाच्या ट्रायकोडर्माची कथा याहून रंजक आहे. तीही बुरशीच, मर रोगाच्या बुरशीवर कुरघोडी करणारी, पण कोरड्या मातीत स्वतःच दुबळी पडणारी, म्हणून नुसती भुकटी उन्हात भुरभुरण्यापेक्षा ओलसर, कुजलेल्या खतात ती आधी वाढवून घ्यावी असे सांगितले जाते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तर ट्रायकोडर्माच्या तंतूंवर ॲझोटोबॅक्टरसारख्या उपयुक्त जिवाणूंचे पटल मुद्दाम वाढवून तशी मिश्र जैविक खते तयार करण्यात आली, आणि कापसासारख्या पिकांवर त्यांच्या चाचण्याही झाल्या.