विश्लेषण : वर्ध्याहून जपानला इंग्रजी शिकवायला जाता येते का?

वर्धा किंवा हिंगणघाटच्या पदवीधराने जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे ठरवले, तर पहिली अडचण व्याकरणाची नसते, व्हिसाची असते.

अट काय?
जपानी शाळेत परदेशी भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. म्हणजे मराठी माध्यमातून दहावी झालेल्याचे इंग्रजी कितीही चांगले असले, तरी कागदावर तो अडतो. एजंटच्या हाती पैसे देण्यापूर्वी आपले शिक्षण कोणत्या माध्यमात झाले, हे दाखल्यांवर पाहून घ्या.

काम कसे असते?
जपान सरकारच्या ‘जेट’ योजनेतून १९८७ पासून परदेशी पदवीधर साहाय्यक शिक्षक म्हणून जातात. सहसा ते जपानी शिक्षकासोबत वर्ग घेतात. पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय २०२० मध्ये झाला.

अनुभवातून आलेले धडे कोणते?
वर्ग गप्प आहे म्हणजे मुलांना येत नाही, असे नाही. चारचौघांत चुकण्याची भीती असते. म्हणून आधी दोघादोघांत बोलू द्यावे, मग वर्गासमोर. जपानी उच्चार बहुतेक स्वरावर संपतात, त्यामुळे ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ होते. त्याला हसू नये. आपल्याकडेही ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होतेच.

इथे काय उपयोग?
महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये सुरू झाले. चुकण्याची भीती इथल्या मुलांनाही असते. जोडीने बोलण्याचा सराव जिल्हा परिषदेच्या शाळेत उद्यापासून घेता येईल. त्याला व्हिसा लागत नाही.