पिकअपला नवी फुप्फुसे!

सायकलवरून चढ चढताना धाप लागते ना? मोटारीलाही लागते बरं का! टोमॅटोचे क्रेट भरलेली जुनी डिझेल पिकअप चढावर पाहा. काळा धूर, घरघर आणि वेग बैलगाडीचा! मग मालकाच्या मनात येतं, हिला टर्बो इंजिन बसवलं तर?

धाप लागते ती हवा कमी पडते म्हणून. एक किलो डिझेल नीट जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली भरून! साधे इंजिन हवा नुसती ओढून घेते. टर्बो ती आत कोंबतो. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक छोटे चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबते. फेरे किती? मिनिटाला लाखाच्याही वर! वाया जाणाऱ्या धुराला असे कामाला लावायची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. पेटंट १९०५ सालचे.

नाशिककरांना हे यंत्र परके नाही. महिंद्राचा मोटारींचा कारखाना नाशिकला आणि इंजिनांचा इगतपुरीला. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ नाशिकचीच, आणि तिच्या २,६०९ सी.सी.च्या डिझेल इंजिनाला टर्बो होता.

पण जुन्या पिकअपमध्ये इंजिन बदलणे म्हणजे टॉर्चचे सेल बदलणे नव्हे. चेनपुलीने जुने इंजिन उचलले की खरी कटकट सुरू होते. नव्याचे पाय जुन्या चासीवर बसत नाहीत. माउंटिंग नवे लागते. जोर वाढला की जुना क्लच घसरतो, गिअरबॉक्स कुरकुरतो. उष्णता वाढते, म्हणून रेडिएटर मोठा हवा. दाबलेली हवा तापते, ती थंड करायला इंटरकूलर हवा. नुसता टर्बो जुन्याच इंजिनाला जोडला तर? मग तर पिस्टनची खैर नाही, कारण ते एवढ्या दाबासाठी घडवलेलेच नसतात.

आणि ब्रेक? आमच्या मते आधी तेच पाहावेत. गंमत बघा, नाशिकचा माल मुंबईला जातो तेव्हा कसारा घाट चढायचा नसतो, उतरायचा असतो! भरलेली गाडी उतारावर, तिथे टर्बो काय करणार? चढ लागतो परतताना, तेव्हा बहुधा रिकामे क्रेट असतात.

शिवाय आर.सी. बुकात इंजिनाचा क्रमांक असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनमानी बदल करू देत नाही. मूळ नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली सांगितले. तेव्हा मेस्त्रीला विचारण्याआधी बाबांनी आर.टी.ओ.त विचारलेले बरे! नाही तर अपघातात विम्याचा दावाही अडकू शकतो.

कारखान्यातूनच टर्बो लावून आलेली पिकअप घरी असेल, तर ड्रायव्हरकाकांकडे लक्ष ठेवा. घाट चढून ढाब्यावर थांबले की ते किल्ली लगेच फिरवत नाहीत. टर्बोचा दांडा तेलावर फिरतो, आणि इंजिन बंद झाले की तेलही थांबते. म्हणून तापलेला टर्बो निवेपर्यंत मिनिटभर इंजिन हळू चालू ठेवायचे. मग चहा!