‘इव्हँजेलिकल’ म्हणजे कोण?

‘तुमचा नवा जन्म झाला आहे काय?’ इव्हँजेलिकल बांधवांच्या या प्रश्नाने आपले अनेक भाविक गोंधळून जातात. म्हणून या शब्दाचा अर्थ आम्ही येथे मांडत आहोत.

मूळ ग्रीक शब्द ‘इव्हँजेलिऑन’ म्हणजे शुभवार्ता. अठराव्या शतकात जॉन वेस्ली आदींच्या धर्मजागृतीतून ही प्रोटेस्टंट चळवळ आकारास आली. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ साली तिची चार लक्षणे सांगितली : वैयक्तिक हृदयपरिवर्तन, बायबलचे सर्वोच्च प्रामाण्य, ख्रिस्ताच्या क्रुसावरील बलिदानावर भर आणि कृतिशील सेवा व सुवार्ताप्रसार.

आपण कॅथलिक पवित्र शास्त्रासोबत पवित्र परंपराही मानतो आणि नवा जन्म बाप्तिस्म्यातच होतो, अशी आपली श्रद्धा आहे. तरीही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली विभक्त ख्रिस्ती जनांना बंधू म्हणून स्वीकारले. सुवार्ताप्रसार हीच ख्रिस्तसभेची खरी ओळख आहे, असे पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली शिकविले.

तेव्हा या प्रश्नावर रागावू नये, असे आम्हांस वाटते. ‘होय, बाप्तिस्म्यात झाला,’ असे नम्रपणे सांगावे. आणि त्या जन्माला साजेसे आपण जगतो काय, हे स्वतःस विचारावे.