पाटावर उभे राहून खेळायचा खेळ

व्हिडिओ गेमचा नियंत्रक म्हटला की दोन्ही हातांत धरून बोटांनी कळा दाबायची वस्तू डोळ्यांसमोर येते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये ‘वी फिट’ या खेळासोबत आणलेला ‘वी बॅलन्स बोर्ड’ मात्र पायांखाली घ्यावयाचा आहे. जेवायच्या पाटाएवढा, सुमारे ५१ सेंटीमीटर लांब. सुमो मल्लांचे वजन दोन काट्यांवर एकेक पाय ठेवून करावे लागे. त्यावरून ही कल्पना स्फुरली, असे सांगितले जाते.

पाटाच्या चारही कोपऱ्यांत भार मोजणारे सेन्सर असतात. कोणत्या कोपऱ्यावर किती भार आहे, यावरून शरीराचा तोल नेमका कोठे पडतो हे यंत्र ठरवते आणि पडद्यावर ठिपक्याच्या रूपाने दाखवते.

अर्धांगवायूनंतर अनेक रुग्ण नकळत सगळा भार धडधाकट पायावर टाकतात. आपण सरळ उभे आहोत, असेच त्यांना वाटते. ‘डावीकडे भार द्या’ असे कितीही सांगितले तरी जे उमगत नाही, ते सरकणारा ठिपका क्षणात दाखवतो. ‘टेबल टिल्ट’ या खेळात तर अंग झुकवून पडद्यावरील गोळ्या छिद्रांत पाडायच्या असतात; रुग्णाचे लक्ष पायाकडून गोळीकडे जाते आणि भीती थोडी ओसरते.

मेलबर्न येथील संशोधकांनी २०१० मध्ये या पाटाची तुलना प्रयोगशाळेतील महागड्या यंत्राशी केली. उभे असतानाचा तोल मोजण्यास तो विश्वासार्ह ठरला. अर्थात तो केवळ खालच्या दिशेचा भार मोजतो, आडवा जोर नव्हे. शिवाय तोल पडद्यावर दाखवून केलेल्या उपचारांचा कॉक्रेन संस्थेने २००४ मध्ये, म्हणजे हा पाट येण्यापूर्वीच, आढावा घेतला होता. दोन्ही पायांवर समान भार घेण्यात रुग्ण सुधारले, परंतु दैनंदिन स्वावलंबन त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही. म्हणून चालण्याचा प्रत्यक्ष सराव सोडून या खेळावर विसंबणे आम्हांस योग्य वाटत नाही.

‘वी’चे उत्पादन केव्हाच थांबले आहे; हे पाट आता बहुधा वापरलेलेच मिळतात. घरी असा पाट असल्यास भौतिकोपचारतज्ज्ञांना विचारूनच तो काढावा. तो सपाट, टणक फरशीवर ठेवावा, गालिच्यावर नको. पादत्राणे काढावीत. उंची जेमतेम पाच सेंटीमीटर असली, तरी अशक्त पायाला ती पायरीच आहे. चढता-उतरताना शेजारी माणूस आणि हाताशी भक्कम आधार हवाच. तसेच हा खेळ चाचणी घेऊन खेळणाऱ्याचे ‘वी फिट वय’ जाहीर करतो. पन्नाशीच्या रुग्णाला तो आकडा सत्तरीचा दिसला, तर नातेवाइकांनी तो हसण्यावारी न्यावा. तो निरोगी माणसांच्या करमणुकीसाठी काढलेला आहे.