आधी ओळख, मग औषध

भोकरदन तालुक्यात आमची शेती आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस मिरचीची लागवड, पावसाळ्यात तोडे आणि पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार, हे आमच्याकडचे वर्षाचे गणित. घरातले लग्न, पोरांची फी, उधारीचा चुकारा, सगळे त्या तोड्यांवर अवलंबून. मी नोकरीनिमित्त शहरात राहतो. शेत थोरले बंधू आणि वहिनी पाहतात.

मागच्या श्रावणात गावी गेलो, तर दादा ओट्यावर गप्प बसलेले. जेवण झाल्यावर म्हणाले, ‘‘चल, तुला रान दाखवतो.’’ शेताच्या उताराकडच्या अंगाला मिरचीची झाडे माना टाकून उभी होती. पाने पिवळी, फळे लोंबत्या अवस्थेत तशीच सुकलेली. वरच्या अंगाची झाडे मात्र हिरवीगार.

‘‘तीन फवारण्या झाल्या. दुकानदाराने दरवेळी नवी बाटली दिली. पण रोज पाच-दहा झाडं जातातच.’’ पुतणीच्या कॉलेजची फी याच तोड्यातून भरायची होती. ते दादा बोलले नाहीत, पण मला ठाऊक होते.

वहिनींनी एक झाड उपटले आणि विळ्याने बुडापासून उभे चिरले. आत, सालीखाली, तपकिरी रेघ वर चढत गेलेली. ‘‘भाऊजी, दुखणं इथं आहे आणि औषध पडलं पानावर,’’ त्या म्हणाल्या. मुळासकट, मातीसकट झाड तज्ज्ञांना दाखवल्यावर त्यांनीही तेच सांगितले. ही मर. फ्युजेरियम नावाची बुरशी जमिनीतून मुळात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. वरून फवारलेले थेंब तिच्यापर्यंत पोहोचणार कसे?

त्या दिवसापासून मी पानांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आपण ज्याला सरसकट ‘रोग’ म्हणतो, त्यात किती प्रकार असतात! मिरचीच्या पानाच्या खालच्या बाजूला पांढरी पावडर दिसली आणि पाने गळू लागली तर ती भुरी. लाल झालेल्या मिरचीवर गोल, काळपट, खोलगट डाग पडले आणि फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या तर ती फळकूज आणि फांदीमर. वर्षाचे तिखट करताना घरातल्या बायका डागाळलेल्या, पांढुरक्या मिरच्या निवडून बाजूला काढतात. त्यातल्या पुष्कळशा या फळकुजीच्याच. आणि पाने आकसून द्रोणासारखी झाली, तर तो कोकडा, म्हणजे चुरडा-मुरडा. तो बुरशीचा रोगच नव्हे. त्यामागे फुलकिडे, कोळी किंवा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. त्यावर बुरशीनाशक फवारणे म्हणजे पाय मुरगळलेल्याला खोकल्याचे औषध पाजण्यासारखे.

तुम्ही म्हणाल, मग रासायनिक औषधे वाईट आणि घरगुती चांगली, असेच ना? तसे नाही. बोर्डो मिश्रणाचीच गोष्ट घ्या. फ्रान्समध्ये बोर्डो शहराच्या परिसरातले बागाईतदार रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. हेतू एवढाच, की निळसर पाने पाहून वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत. 1882 मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की बागेत सगळीकडे केवडा पडला असताना याच वेलींची पाने शाबूत आहेत. प्रयोग करून 1885 मध्ये त्यांनी हे मिश्रण जगापुढे ठेवले. आजही फळबागांत ते वापरतात. एक टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवायचे, भांडे लोखंडाचे घ्यायचे नाही, आणि केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, असे समजावे.

दुसरीकडे, आमची आजी भोपळ्याच्या वेलावर ताक शिंपडायची, तेव्हा आम्ही हसायचो. 1999 मध्ये ब्राझीलमधल्या वॅगनर बेत्तिओल या संशोधकाने काचगृहातल्या झुकिनी या भोपळ्याच्या भाऊबंदावर पाणी घातलेले दूध फवारून भुरी आटोक्यात येते, हे प्रयोगाने दाखवले. घरच्या परसात एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, इतके करून पाहायला हरकत नाही. भुरीवर गंधकही चांगले चालते, मात्र कडक उन्हात फवारले तर पाने करपतात. पण दूध असो वा गंधक, दोन्ही भुरीची औषधे. मरीपुढे दोन्ही निरुपयोगी.

मग मरीवर काय? लागलेले झाड परत उभे राहत नाही, हे आधी मान्य करावे लागते. ते उपटून जाळायचे, आजूबाजूच्या झाडांच्या मुळाशी योग्य औषधाची आळवणी करायची. खरे काम पुढच्या हंगामाचे. आमच्या काळ्या रानात उताराला पाणी साचत होते आणि त्याच तुकड्यात लागोपाठ तीन वर्षे मिरची होती. बुरशीला याहून चांगले घर कोणते? म्हणून गादीवाफे उंच करायचे, पाण्याला वाट काढून द्यायची, फेरपालट करायची. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी एकरी दोन-अडीच किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा राखून सावलीत मुरवून जमिनीत द्यायची. ती रोगट बुरशीवर वाढते, तिची जागा आणि अन्न बळकावते. मात्र तिच्याबरोबर मोरचूद किंवा दुसरे बुरशीनाशक दिले, तर मित्रच आधी मरतो.

आणखी एक गोष्ट, जी शेतकऱ्याइतकीच शहरातल्या घरालाही लागू आहे. औषधाच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळी, निळी, हिरवी. त्याच पत्रकात फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करावी, तेही छापलेले असते. मिरचीचा तोडा काही दिवसांच्या अंतराने होतो. आज फवारून उद्या तोडलेली मिरची परवा कुणाच्या तरी ठेच्यात जाते. त्या ठेच्यासमोर आपलेच कुणी बसलेले असते.

फीचे पैसे त्या वर्षी वहिनींनी बचत गटातून उचलले. पुतणी कॉलेजात गेली. उताराच्या तुकड्यात या वर्षी दादांनी मका घेतला आहे. मिरची वरच्या अंगाला, उंच वाफ्यांवर. परवा फोन आला. ‘‘एका झाडाची पानं पिवळी वाटतायत,’’ दादा सांगत होते. मी विचारले, ‘‘दुकानात गेलात का?’’

‘‘नाही रे,’’ ते म्हणाले, ‘‘आधी उपटून चिरून पाहिलं. आत पांढरं स्वच्छ आहे. पाणी जास्त झालं होतं, इतकंच.’’