गुस्ल कोण देणार?

दोन वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात एका तरुणाचा इंतकाल झाला. एरवी मय्यतीच्या गुस्लसाठी चार जण न बोलावता येतात. त्या दिवशी "त्याला ती बिमारी होती" एवढी कुजबुज झाली आणि एकेक जण मागे सरकला. शेवटी म्हाताऱ्या बापाने आणि धाकट्या भावाने गुस्ल दिला. मय्यतीचा गुस्ल फर्ज-ए-किफाया आहे, म्हणजे जमातीतल्या काहींनी दिला तर सगळ्यांची जबाबदारी उतरते. हे आपण लहानपणीच मदरशात शिकतो. एचआयव्ही पसरतो कसा, हे मात्र कुणी शिकवत नाही.

तो पसरतो असुरक्षित लैंगिक संबंधातून, लागण झालेल्या रक्तातून, दूषित सुई-ब्लेडमधून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, मुसाफा केल्याने, एका हौजावर वजू केल्याने पसरत नाही. गुस्ल देताना हातमोजे घालावेत, पुढे प्लास्टिकचा एप्रन बांधावा, आपल्या हाताला जखम असेल तर ती झाकावी, नंतर साबणाने हात धुवावेत. बस्स. खरं तर कुठल्याही मय्यतीला हीच काळजी घ्यायला हवी, कारण कुणाला काय आजार होता हे आपल्याला माहीत नसतं.

हा प्रश्न आपल्याआधी युगांडातल्या मुसलमानांनी सोडवला. तिथे एड्सने घरंच्या घरं उजाड केली होती. 'इस्लामिक मेडिकल असोसिएशन ऑफ युगांडा' या मुस्लिम डॉक्टरांच्या संस्थेने 1992 पासून इमामांना प्रशिक्षण दिलं. इमामांच्या हाताखाली स्वयंसेवक, पुरुष आणि स्त्रियाही, घरोघर जाऊन बोलू लागले. खतना करताना एकच ब्लेड अनेक मुलांना वापरू नका, गुस्ल देताना हातमोजे घाला, असे आपल्या घरातले मुद्दे त्यांनी घेतले. कंडोमचं नाव काढताच सुरुवातीला इमाम बिथरले. आपल्याकडेही तेच झालं असतं म्हणा! पण डॉक्टर आणि आलिम समोरासमोर बसले, बोलत राहिले. आधी परहेज आणि निकाहातली वफादारी, आणि नवरा-बायकोपैकी एकाला लागण असेल तर दुसऱ्याचा जीव वाचवायला कंडोम, अशी वाट निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने पुढे या कामाची दखल घेतली.

आपल्याकडे तर सोयी दाराशी आहेत. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवलं जातं. एआरटीच्या गोळ्या सरकार 2004 पासून मोफत देतं. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी लागते. रमजानमध्ये ती इफ्तारनंतर घ्यायची की सहरीला, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येतं. गोळी नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. 2017 चा एचआयव्ही कायदाही आहे. संमतीशिवाय तपासणी करणं, लागण झालेल्याचं नाव फोडणं, त्याला नोकरीवरून किंवा शाळेतून काढणं, घर नाकारणं, हे सगळं त्याच्या विरोधात जातं. निकाहाआधी दोन्हीकडच्यांनी तपासणी करायची तर जरूर करावी, पण रिपोर्ट त्या मुलाच्या आणि त्या मुलीच्या हातात. बिरादरीत फिरवायला नाही.

त्या मय्यतीनंतर आमच्या इमामसाहेबांनी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंना बोलावलं. पुरुषांसाठी इशाच्या नमाजनंतर मदरशाच्या खोलीत बैठक झाली, बायकांसाठी दुसऱ्या दिवशी एका घरी. पुरुष गप्पच बसले होते. बायकांनी मात्र दीड तास प्रश्न विचारले. सगळे निघाल्यावर एक बाई मागे थांबली. दिवस गेलेत, आणि नवऱ्याला 'आहे', एवढंच ती बोलली. ताईंनी सांगितलं, आधी तुमची तपासणी करू. लागण निघालीच आणि इलाज केला नाही, तर अशा शंभर बाळांपैकी 15 ते 45 बाळांना ती होऊ शकते. आईने वेळेवर गोळ्या सुरू केल्या आणि जन्मल्यावर बाळालाही औषध दिलं, तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं.

दुसऱ्या दिवशी ती सासूला घेऊन केंद्रात गेली. जायला लाज वाटत असेल तर आधी 1097 वर फोन करा. हा फोन मोफत आहे.